गंगूबाईचं ताट

सहदेवनं टेम्पोत चढवलेलं वांग्यांचं एक कॅरेट पुन्हा खाली ओढलं आणि बांधावर ठेवलं. दोर आवळता आवळता शेखरचा हात थांबला.

"बाबा, ते पहिल्या नंबरचे हायेत. उद्या चंपाषष्ठी. अमरावतीत तुटून पडतीन लोक."

"म्हणूनच उतरवून राहिलो. उद्या ते आपल्या घरी शिजतीन."

शेखरनं बापाकडे असं पाहिलं, जणू सूर्य नांदगाव पेठेच्या मागून नाही तर मावळतीच्या मेळघाटातून उगवला. पण बापाशी हुज्जत घालायची त्या घरात रीत नव्हती. त्यानं दोर बांधला आणि टेम्पो हाकला.

तसं पाहिलं तर शेखरचं चुकलं नव्हतं. या घराचा कायदाच होता. चांगलं वांगं बाजाराचं, किडकं घराचं. सहदेवच्या बापानं तो घालून दिला आणि सहदेवनं तो कुळाचारासारखा पाळला. 'माळ्यानं माल खाल्ला तं बाजाराले काय नेईन?' असं तो कोणालाही सुनवायचा. देवाच्या नैवेद्यापुरतं एक वांगं सोडलं, तर त्याच्या वावरातलं चकचकीत वांगं त्याच्या चुलीवर चढत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या चंपाषष्ठीला गंगूबाईनं चार चांगली वांगी विळीपाशी ठेवली होती. सहदेवनं ती सगळ्यांदेखत उचलली आणि बाजाराच्या पाटीत नेऊन टाकली. नवी नवरी ती. नुसता पदर सारखा केला आणि किडकी वांगी चिरायला घेतली. तेव्हा सहदेवला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ती गेली आणि तेव्हापासून ती चार वांगी त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. चाळीस वर्षं बाईनं शेतात राबावं आणि एक धड वांगं तिच्या तोंडी लागू नये! मेल्यावर माणसाला काय खाऊ घालता येतं? पण जे येतं तेवढं तरी उद्या करायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचा लाल आर पडला. शेखर रोडगे उलटवत होता. आत रागिणी, त्याची बायको, भाजीला फोडणी देत होती, आणि त्या वासानं सहदेव दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आला.

"रागिणी, चार ताटं वाढजो. एक गंगूचं. अन् तू बी आमच्यासंगच बस."

"मी मागून बसतो ना, बाबा."

"मागून नाई. आज तिच्या ताटापाशी तू बस."

रागिणी क्षणभर घुटमळली. त्या घरात बाया मागून जेवत. पुरुष आंचवून ओसरीवर गेले की चुलीपाशी बायांची ताटं लागत. पण सासऱ्यानं म्हटल्यावर तिचा इलाज नव्हता. देवाला नैवेद्य दाखवून तिनं चार ताटं वाढली. गंगूबाईच्या ताटात दोन टपोरी वांगी, तुपात चुरलेला रोडगा, वरण.

सहदेवनं त्या ताटाला हात जोडले. मग आपल्या ताटातल्या दोन वांग्यांतलं एक मोडलं. सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा आपल्या वावरातलं पहिल्या नंबरचं वांगं तो खाणार होता. त्यानं घास घेतला, डोळे मिटून चावला आणि डोळे उघडले.

"काहून, बाबा? मीठ कमी झालं?" रागिणीनं विचारलं.

"नाई. चव तं तेच हाये."

"कोन्ती?"

"गंगूच्या हातची. रोजची."

त्यानं दुसरा घास घेतला. तीच गोडी, तोच लोण्यासारखा गर. किडक्या वांग्याचं सोनं करते माही गंगू, असं तो पारावर बसून गावाला सांगायचा. एकदा शेजारच्या पुंजारामला मुद्दाम जेवायला आणून त्यानं हेच ऐकवलं, तेव्हा गंगूबाई तोंडाला पदर लावून हसली होती. लाजली, असं त्याला वाटलं होतं.

पाणी घ्यायला म्हणून तो वळला आणि त्याची नजर रागिणीच्या ताटात गेली. तिनं अजून घास मोडला नव्हता. तिच्या ताटातलं वांगं एका अंगानं खरवडून काढलेलं होतं. किडीची काळी वाट तेवढी राहिली होती.

"हे कुठून आलं? कॅरेटभर माल ठेवला ना मी घरात?"

"कालच्या निवडीतले चार होते. वाया कायले घालवा?"

"मंग तुह्याच ताटात काहून?"

रागिणीनं शेखरकडे पाहिलं, मग गंगूबाईच्या ताटाकडे.

"आईनंच शिकवलं, बाबा. तोडताना दोन चांगले ओच्यात घालायचे. एक तुमच्या ताटात, एक यायच्या," तिनं शेखरकडे हात केला. " बाकीचे किडके आपून बायांनी खायाचे."

"कवापासून?"

"ते नाई मले माहीत. मी आलो तवा चालूच होतं. म्हणत, बाबाच्या कानावर जाऊ देऊ नको, नाई तं ते जेवनार नाईत."

शेखरची मान खाली गेली. सहदेव आपल्या दोन्ही हातांकडे पाहत बसला. चाळीस वर्षं! रोजचे दोन वेळचे घास, सणावारांचे, उपाशी वर्षांचे. त्याच्याच पाटीतून, त्याच्याच नाकासमोरून, त्याच्याच ताटात. आणि तो गावभर सांगत फिरला, की माझ्या घरी किडकंच शिजतं. एवढी मोठी गोष्ट एका बाईनं ओच्यात लपवली होती आणि त्याला कधी ओझं म्हणून जाणवू दिलं नव्हतं. गंगूच्या ताटात काय असतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. मग त्याला त्याची माय आठवली. तिचंही ताट त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर गोवऱ्यांचा आर विझत आला होता.

सहदेवनं आपल्या ताटातलं न मोडलेलं दुसरं वांगं उचलून रागिणीच्या ताटात ठेवलं आणि तिच्या ताटातलं ते खरवडलेलं वांगं आपल्याकडे घेतलं.

"बाबा, ते कडू लागन."

त्यानं रोडग्याचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला आणि वांग्याच्या काळ्या अंगासकट तोंडात घातला. कडसर होतं. चिवट चोयट्या दाताला लागत होत्या. जिभेवर कुठलीच ओळख पटेना. या घरात जन्म काढून आज पहिल्यांदा तो ती चव घेत होता. त्यानं घाई केली नाही. देठापर्यंत सगळं खाल्लं आणि बोटं पुसली.

"रागिणी," तो म्हणाला, "चार होते म्हणालीस ना? राह्यलेले तीन आन."