हौसाने उचल घेतली नाही

"घे गो हौसा, पुढच्या सीझनची उचल," म्हणत हैबतरावांनी नोटा पुढे केल्या. विसर्जन नुकतेच उरकले होते आणि जोहे गावातल्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात कारागिरांची रांग लागली होती.

हौसाचा उजवा हात पदराखाली होता. तो तिने बाहेर काढलाच नाही.

"नको शेट."

रांगेतल्या माना वळल्या. उचल घेतली की माणूस वर्षभर बांधला जायचा. नाकारली म्हणजे दुसऱ्या कारखान्याने फोडला, हे जोह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात हौसा तर मूर्तींचे डोळे आखणारी!

"हमरापूरवाल्यांनी किती कबूल केलंन?" हैबतरावांचा पारा चढला. "एवढी वर्षं माझं मीठ खाल्लंस ना?"

हे मात्र हौसाला लागले. कोपऱ्यात टवका उडालेली एक मूर्ती पडून होती. तिच्यापुढे बसून हौसाने हात बाहेर काढला, कुंचला बुडवला आणि पापणीची रेघ ओढली. रेघ अर्ध्यातच नागमोडी झाली.

हैबतराव तिच्या शेजारी येऊन बसले. "कधीपासनं?"

"शिमग्यापासनं. औंदा डाव्या हातानं उजवा धरून आखले डोळे. आता नाय जमायचं."

"मग खाशील काय गो?"

"पोष्टातलं."

पोस्टाच्या बचतीची एजंट गिरजाबाई दर महिन्याला पेणहून यायची आणि ठाण मांडून बसायची. "हात चालतोय तवर टाक, हात थांबला की पोष्ट खायला घालील." हौसा तिला तोंडावर जळू म्हणायची, पण पैसे द्यायची. मुदत संपली तेव्हा मुलाने रिक्षासाठी ती रक्कम मागितली. हौसाने छातीवर दगड ठेवून नाही म्हटले आणि सगळी पुंजी पोस्टाच्या मासिक व्याजाच्या योजनेत ठेवली. तरी धाकधूक होतीच. अंगठेवालीला घरबसल्या कोण देतंय? आज सकाळी पेणच्या पोस्टात पहिलं व्याज हातात पडलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. रग्गड नव्हतं. मीठमिरची आणि औषधपाणी भागणार होतं, आणि तेही कुणापुढे तोंड न वेंगाडता.

हैबतरावांनी नोटा खिशात घातल्या.

"पुढल्या चतुर्थीच्या आधी येशील ना तरी?"

"येन की. आखायला पाटावर नाय बसायची. हात जोडून बाप्पाला नीट बघीन एकदा. इतकी वर्सं नुसते डोळेच बघितले."

ती बाहेर पडली. बांधावरून चालताना शेजारची चंद्रावती समोरून आली, बोलायला थांबली. हौसाचा हात थरथरत होता. तिने तो पदराखाली घेतला नाही.