अकरा आठवड्यांची शून्यं

भाचीच्या बरगड्यांखाली दर श्वासाला खळगा पडत होता. चार महिन्यांचा जीव. मूठ आत्याच्या बोटाभोवती घट्ट, आणि नाकपुड्या चार जिने चढून आल्यासारख्या फुललेल्या. आत्यानं घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला बासष्ट.

"वन्सं, परवाच आणलं होतं हो हिला," वहिनी म्हणाली. तिच्या खांद्यावर ओकलेलं दूध वाळलं होतं. "साधी सर्दी आहे म्हणाले. घरी न्या म्हणाले."

वॉर्डातला डॉक्टर पोरगेलासा होता, डोळे तांबारलेले. आत्या त्याच्यावर कडाडलीच. "या दिवसांत तान्ह्यांच्या छातीत उतरणारा विषाणू फिरतो, ठाऊक नाही तुम्हाला? सहा वर्षं तपासणीचं काम करतेय मी!"

"कुठं?"

"इथंच. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत."

त्यानं मोबाईल पुढं केला. पडद्यावर जगाचा नकाशा होता, कुठल्या देशात कुठला सर्दी-तापाचा विषाणू फिरतोय ते दाखवणारा. शेजारपाजारचे देश लालभडक, आपला भाग हिरवागार. "हा तुमच्याच प्रयोगशाळेतून गेलेला आकडा ताई. एक वर्षाखालची बाळं, शून्य. सलग अकरा आठवडे शून्य. त्यावर विसंबलो आणि घरी पाठवलं."

तिनं तारखा वरून खाली वाचल्या.

तो आकडा तिच्याच बोटांनी टाकलेला होता. बाळांचे नमुने कधी यायचेच नाहीत. अकरा आठवड्यांपूर्वी बाळांचा नवा रकाना आला, त्या पहिल्या सोमवारी तिनं तो रिकामा ठेवून पाहिला, तर संगणक पुढं सरकेना. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "अहो, शून्य टाका आणि मोकळ्या व्हा." घरी तिचं सात महिन्यांचं बाळ वाट बघत होतं, दूध दाटून झंपर ओला झालेला. तिनं शून्य टाकलं आणि मोकळी झाली. मग दर सोमवारी तेच. एकही बाळ तपासलं नव्हतं, आणि जगाला कळलं की एकही बाळ आजारी नाही.

जिना उतरून ती थेट नमुने घेणाऱ्या काकांच्या खोलीत घुसली. काका आरामात चहा फुंकत होते.

"काका, बाळांच्या नाकातला नमुना का घेत नाही तुम्ही?"

"घेऊन बघ की! लाथा झाडतात, वर आया माझंच नाक उपटायला येतात." काका हसले. "नियम काय? रोज तापाचे पहिले पाच रुग्ण. घेतो पाच. मोठी माणसं गुपचूप मान वर करतात."

"तुमच्या त्या गुपचूप मानांपायी वर माझी भाची धापा टाकतेय!"

काकांचा कप बशीवर आदळला. तिनं नमुन्याच्या काड्यांचं खोकं उचललं आणि वर वॉर्डात परतली.

सगळ्या बाळांचे नमुने मीच घेते म्हणाली, तशी डॉक्टरनं मान डोलावली. मग एकेक आई बाळाला कवटाळून बसली, आणि आत्यानं बारा इवल्या नाकांत काडी फिरवली. दर वेळी कानाशी पुटपुटली, "झालं हं राजा, झालं." तीन लाथा तोंडावर खाल्ल्या. भाचीनं तर लाथही मारली नाही. तेवढं त्राणच नव्हतं तिच्यात, आणि ते पाहून आत्याचं डोकं आणखीच भणभणलं.

दुपारी मशीननं उत्तर दिलं. बारांतल्या नऊ बाळांत विषाणू.

साहेब खुर्चीत चुळबुळले. "अकरा आठवडे शून्य आणि एकदम नऊ? वरून विचारतील ना! या आठवड्यात दोन दाखवू, पुढच्या आठवड्यात चार. हळूहळू वाढवू."

"विषाणूला सांगा हळूहळू वाढायला."

"आवाज खाली. नोकरी नकोय का?"

"हवीय. म्हणूनच करतेय."

तिनं नऊ टाकले. मग मागं जाऊन अकराही आठवडे उघडले आणि प्रत्येक शून्यापुढं शेऱ्यात लिहिलं: एकही बाळ तपासलेलं नाही, हा आकडा धरू नये. खाली स्वतःचं नाव. साहेब पाठीशी उभे राहून बडबडत होते. तिनं मान वळवली नाही. नकाशा लगेच लाल होणार नव्हता, सोमवारपर्यंत तसाच हिरवा हसत राहणार होता.

ती वर गेली. भाचीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती, श्वास अठ्ठेचाळीसवर आला होता. डॉक्टर दारात एका आईला थांबवून सांगत होता, "सर्दी म्हणून घरी नेऊ नका, श्वास मोजू आधी."

वहिनीनं तिचे हात धरले. "वन्सं, तुम्ही होतात म्हणून सापडलं हो. त्या डॉक्टरला मी सोडणार नाही."

आत्याला स्वतःच्या कानफटात मारून घ्यावंसं वाटलं. गप्प बसणं फार सोपं होतं. पुन्हा एक शून्य टाकून मोकळं होण्यासारखं.

"डॉक्टरला नको," ती म्हणाली. "वहिनी, बस जरा. डॉक्टर ज्यावर विसंबले ते शून्य मी टाकलं होतं."

वहिनीनं हात सोडले. आत्यानं ते पुन्हा धरले नाहीत. ती तशीच समोर उभी राहिली, वहिनीची बोलणी खायला.