पाहुणे जाईपर्यंत

साखरशेतच्या भावेश गुरुजींच्या घरी रविवारी सकाळपासून सारवणाची घाई होती. दाभोशाहून ममताला बघायला पाहुणे येणार होते. गुरुजींनी स्वतः अंगण झाडलं, पोह्यांना कांदा चिरून दिला आणि लेकीला हाक मारली.

"आत्याला गोठ्यात बांध. साखळी नको, दोरी घे. कायद्याने साखळीला बंदी आहे."

मनोरुग्णांचा हा कायदा गुरुजींनीच ग्रामसभेत वाचून दाखवला होता, टाळ्याही घेतल्या होत्या. माणसाला घरात कशानेच बांधून ठेवता येत नाही, एवढं मात्र त्यांनी सोयीने गाळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

त्यांची बहीण कमू पूर्वी भ्रमात रानात निघून जायची, म्हणून साखळीत पडली. गावची आशा सेविका हर्षदाताई हिने तिला सोडवलं, जव्हारच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू करून दिल्या. आता कमू भात लावते, नाचणीच्या भाकऱ्या थापते, रात्री शांत झोपते. पण बरी झालेली बहीण गुरुजींना जास्तच अवघड वाटू लागली. ती आता पाहुण्यांपुढे पाणी घेऊन आली असती.

ममताचे हात थबकले, तेव्हा कमूनेच पाय पुढे केला.

"बांद बाय. पाव्हनं गेलं का सोड."

ममताने बांधलं.

पाहुणे आले, पोहे खाऊन झाले. मुलाच्या वडिलांनी, तुकाभाऊंनी विचारलं, "घरात आजून कोन?"

"बहीण होती. वारली," गुरुजी म्हणाले.

कुडापलीकडे गोठ्यात कमूने हे ऐकलं. भ्रमात असती तर ओरडली असती. बरी होती, म्हणून तोंडात पदर कोंबून बसून राहिली.

ममताने चहा खाली ठेवला. "आत्या जिती हाये. गोठ्यात बांदलीय. मीच बांदलीय."

गुरुजींचा चेहरा उतरला. तुकाभाऊ मात्र हसले. "हात्तिच्या, त्यात काय? आमच्याकडंपन एक हाये, शेतावरच्या खोपीत. पोरगी आली का तिला भाकर टाकील."

सोयरीक अशी चटकन जमली. शरम वाटायला हवी होती तिथे गुरुजींना हायसं वाटलं.

ममता उठली. गोठ्यात जाऊन तिने विळ्याने दोरी कापली आणि आत्याला हाताला धरून पाहुण्यांसमोर आणलं.

"मला तुमच्या घरात नाय यायचं," ती म्हणाली. "पन खोपीतल्या बाईचं नाव सांगा. हर्षदाताईला फोन लावते."

तुकाभाऊंनी बायकोकडे पाहिलं. बायको खाली बघू लागली.

"सांगा की," कमू म्हणाली. "नाव तं असंलच तिला."