सॉकेटचं प्लास्टिक

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या सुदेशच्या गाळ्यात आता प्लास्टिक मोल्डिंगचं एकच मशीन उरलं होतं, आणि त्यालाही काम नव्हतं. ठाण्याच्या एका कारखान्याला ई-रिक्षाच्या चार्जरसाठी सॉकेट हवं होतं. नमुना पास झाला तर गाळा तरणार, नाही तर कुलूप. सुदेश इतका दमला होता की कधीकधी त्याला कुलूपच बरं वाटायचं.

परीक्षा साधी आणि दुष्ट होती. सॉकेटच्या पिना सोल्डरच्या वितळलेल्या धातूत बुडवायच्या, प्लास्टिकनं आकार सोडायचा नाही. एबीएस या नेहमीच्या प्लास्टिकनं पहिल्याच फटक्यात मान टाकली. नायलॉन टिकेल असं वाटलं, तर त्यावर फोड आले. शेवटी सुदेशनं पीपीएस नावाचं प्लास्टिक निवडलं. महाग, हट्टी, पण उष्णतेला भीक न घालणारं. आपली आयुष्यभराची अक्कल त्यानं त्यावर पणाला लावली. कारखान्याच्या सुशांतसाहेबांनी बजावलंच होतं, हा शेवटचा नमुना.

आज साहेबांनी स्वतः येऊन ते सॉकेट टेबलावर ठेवलं. पुन्हा तेच फोड. पीपीएसला फोड येतीलच कसे? तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले.

सुदेशची बायको नंदा चहा घेऊन आली. इतकी वर्षं ती बिनपगारी गाळ्यात राबत होती. मशीनमध्ये प्लास्टिकचे दाणे ओतायचं काम तिचं. मोल्डिंगमधून उरलेले तुकडे दळून पुन्हा वापरायचे, कण वाया घालवायचा नाही, ही शिस्तही तिचीच. त्या काटकसरीवरच तर गाळा इथवर आला होता.

"त्या महागाच्या दाण्यांत मी नायलॉनचा चुरा मिसळलेला," ती हळूच म्हणाली. "दोन्ही काळेच. अर्धी पिशवी वाचली बघा."

सुदेशला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात जोर लागतो. त्याला नुसतं वाईट वाटलं, तिच्यासाठी जास्त.

साहेब आत आले. प्लास्टिक बरोबरच असेल आणि चूक दुसरीकडे कुठं झाली ते सांगता येत असेल, तर आणखी एक संधी देतो म्हणाले. नंदा कपात चहा ओतत होती. पिशवी वाचवल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर अजून होतं.

"प्लास्टिक निवडण्यात मीच चुकलो, साहेब," सुदेश म्हणाला.

साहेबांनी अर्धाच चहा घेतला आणि ते निघून गेले. सुदेश तिथंच बसून राहिला.

नंदानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या हो. मी तेव्हाच म्हणत होते, एवढं महागाचं कशाला आणता."