सीलबंद उंदीर

माझा भाऊ डाउवे पांढरे हातमोजे घालतो. तो सर्जन नाही. आमच्या ड्राख्टन गावच्या पालिकेत झाडं तोडायचे परवाने देतो. हातमोजे आहेत ते चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी. दर रविवारी काचेचं कपाट उघडायचं, यंत्र बाहेर काढायचं, मऊ ब्रशने बटणांच्या फटी झाडायच्या आणि पुन्हा आत ठेवायचं. खेळायचं मात्र नाही. खेळल्याने झिजतं म्हणे.

महिन्यातून एकदा त्याच्यासारखीच दहा-बारा माणसं एका हॉलमध्ये जमतात, एकमेकांच्या यंत्रांचे मागचे नंबर वाचतात आणि माना डोलावतात. सगळे पन्नाशी ओलांडलेले. एकाही शहाण्याला तिथे खेळावंसं वाटत नाही.

हे यंत्र मुळात आमच्या घरातलं. मी चौदा वर्षांची होते आणि डाउवे अकराचा, तेव्हा बाबांनी ते आणलं. आम्ही शाळेत गेलो की आई बटाटे सोलून पाण्यात टाकायची आणि दुपारभर खेळायची. ‘खाणीतला उंदीर’ हा एकच खेळ. वरून दगड पडतात, खालून पाणी चढतं आणि मधून एक चौकोनी ठिपका चीज पळवतो. त्या ठिपक्याला उंदीर म्हणायचं. अख्ख्या गल्लीत आईला कोणी हरवू शकलं नाही. डाउवे तर दरवेळी हरायचा आणि रडून गोंधळ घालायचा.

या फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं. तिच्या नजरेचा मधलाच भाग चाललाय आणि जूनपर्यंत समोरच्याचा चेहराही दिसेनासा होईल.

“यंदा माझा वाढदिवस डाउवेकडे करायचा,” परतताना गाडीत ती म्हणाली.

“त्याच्याकडे? अगं, त्याच्याकडे चार खुर्च्या नाहीत धड.”

“तुझ्या ने. मला उंदीर खेळायचाय. दिसतंय तोवर एकदा.”

चौऱ्याऐंशी वर्षांत आईने आमच्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. मी त्याच रात्री डाउवेला फोन लावला. आईचं मागणं सांगितलं.

“यंत्र काढीन मी,” तो म्हणाला. “पण उंदराच्या खेळाची ती कॅसेट... विकली मी.”

“आईची कॅसेट विकलीस?”

“तिच्यावर आईने पेनने नाव लिहिलं होतं, हिलके! पोरांनी पळवू नये म्हणून. तसल्या खराब कॅसेटला कोण विचारतं? आता माझ्याकडे दुसरी आहे. सीलबंद! बेल्जियममधल्या एका बंद पडलेल्या दुकानातली. अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहे.”

“मग फाड ते वेष्टन.”

तो हसला. समोरच्याला काहीच कळत नाही असं ठरवून माणसं हसतात, तसा.

“उघडली की ती नुसती कॅसेट होते गं.”

“आणि आत्ता काय आहे ती?”

मी फोन आपटला आणि आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती नुसतं “हं” म्हणाली.

वाढदिवसाला मी आठ खुर्च्या नेल्या आणि नेहमीसारख्या गोल मांडल्या. येणाऱ्या प्रत्येकाने आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गोलभर फिरून सगळ्यांचं अभिनंदन केलं, आईचं केलं, आईची लेक म्हणून माझं केलं, आईच्या शेजारीण म्हणून बाउके काकूंचंही केलं. डाउवेच्या मंडळातला हेर्बेन आला. त्याने आईचा हात धरला, पण डोळे सगळा वेळ यंत्राकडे. मग कॉफी, आणि गुलाबी आयसिंगच्या केकचा एकेक तुकडा.

भेटवस्तू झाल्या. आमच्याकडे भेट मांडीवर आली की तिथल्या तिथे, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फाडून उघडायची. बाजूला ठेवली तर देणारा हिरमुसतो. आईने माझी शाल उघडली, बाउके काकूंचे साबण उघडले, दोघींच्या गालांचे तीन तीन मुके घेतले.

मग डाउवेचा कार्यक्रम. माळ्यावरून उतरवलेला जुना डबडा टीव्ही त्याने सुरू केला. यंत्राने ‘पीं’ केलं आणि पडद्यावर नुसतीच निळाई आली.

“बघ आई, आवाज तोच आहे ना?”

“आवाज तोच आहे. उंदीर कुठाय?”

डाउवेने घसा खाकरला. हातमोजे चढवले, कपाटातून तो सीलबंद डबा आणला आणि देवाची मूर्ती ठेवावी तसा आईच्या मांडीवर ठेवला.

“हां, असा धर. फक्त कडांना. हेर्बेन, फोटो घे. मस्त आठवण होईल.”

म्हणजे आईला खेळायला मिळणार नव्हतं. फोटो मिळणार होता! माझं डोकं सणकलं, पण मी तोंड उघडायच्या आत आईचं नख वेष्टनाच्या घडीत शिरलं.

“माझ्यासाठी? किती गुणाचं रे माझं पोर!”

आणि टर्र. एका ओढीत अर्धं, दुसऱ्या ओढीत उरलेलं. बाउके काकूंनी टाळ्या वाजवल्या.

“आई! ते प्रेझेंट नव्हतं!” डाउवे किंचाळला.

“वाढदिवस माझा, मांडी माझी. मग कोणाचं होतं?” आईने कॅसेट काढून त्याच्यापुढे धरली. “लाव.”

तो जागचा हलेना. हेर्बेन त्याच्या कानाशी लागला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “डबा शाबूत आहे अजून. कॅसेट लावली नाहीस, तर न वापरलेली म्हणून तरी...”

डाउवेने कॅसेट घेतली ती खरोखर डब्याकडे नेली. माझ्या सख्ख्या भावाने. त्या क्षणी मला त्याची शिसारी आली.

“डाउवे,” आई म्हणाली, “तुझा चेहरा मला आत्ताच पुसट दिसतोय. जूनमध्ये दिसणार नाही. डबा तू पुढे जन्मभर बघ.”

डाउवेने कॅसेट लावली.

पहिले दोन डाव आई झटपट हरली. तिसऱ्यात तिला युक्ती सापडली. मान तिरकी करून ती पडद्याकडे बाजूने बघायला लागली आणि बोटांना जुनं सगळं आठवलं. दगड चुकवत, पाणी चुकवत ठिपका वर चढत गेला. बाउके काकू खुर्चीच्या टोकावर आल्या. मी ओरडत होते, “डावीकडे आई, डावीकडे!” आणि ती म्हणत होती, “गप गं, मला शिकवू नकोस.” शेवटचं चीज तिने उचललं, तेव्हा पडदा लखलखला. आजवर तिने तिथपर्यंत मजल मारली नव्हती.

डाउवे आणि हेर्बेन त्या वेळी खिडकीपाशी होते, आमच्याकडे पाठ करून. टेबलावरच्या केकच्या बशा सरकवून ते फाटलेल्या प्लॅस्टिकचे तुकडे जुळवत होते.

“डाउवे, बघितलंस का रे?” आईने विचारलं. तिचा आवाज आनंदाने थरथरत होता.

“हो आई, बघितलं ना,” तो मागे न वळताच म्हणाला.

आई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तेवढं तिला अजून दिसत होतं.