आत्याच्या तीन खुर्च्या

कडीला अडलेला प्रश्न टाकून पुढे जाता यायचं नाही. एवढं एकच दुखणं. बाकी मुलगी म्हणजे सोन्याचा तुकडा.

कडी हे तिचं शाळेतलं नाव नव्हे. ते बाबांनी ठेवलं. बाबा कुलपं दुरुस्त करायचे, त्यामुळे त्यांना जगातल्या बऱ्याच गोष्टी कडीकोयंड्यासारख्या दिसत. लेक रांगायला लागली आणि तिने टेबलाचा पाय धरला, तो काही केल्या सोडेना. खाऊ दाखवला, खुळखुळा वाजवला, छे! बाबा कौतुकाने म्हणाले, "ही तर कडी आहे. लागली की लागली." तेव्हापासून ती कडी.

आता हा गुण कुणाचा, ते काय सांगायला हवं? दुकानात बाबांचा नेमच होता: हातात घेतलेलं कुलूप उघडल्याशिवाय दुसऱ्याला शिवायचं नाही. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा वाऱ्याने किणकिणायच्या, गिऱ्हाईक या पायावरून त्या पायावर व्हायचं, आणि बाबा डोळ्याला भिंग लावून एखाद्या गंजक्या कुलपात असे उतरलेले असायचे, जणू आतून कुणीतरी त्यांना हाक मारतंय.

"अहो, माझी नुसती किल्ली घासायची आहे. दोन मिनिटांचं काम!"

"देतो ना. हे उघडलं की."

"आणि नाही उघडलं तर?"

"न उघडणारं कुलूप नसतं, साहेब. न थांबणारा माणूस असतो."

साहेब मग पाय आपटत घरी जायचे नि दुसऱ्या दिवशी मुकाट परत यायचे. आई बेकरीत कामाला होती. ती म्हणायची, "या माणसाला आमच्या भट्टीवर ठेवला, तर एक पाव झकास भाजेल आणि बाकीच्यांचा कोळसा होईल."

कडीला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. तेही धरून ठेवण्यातूनच आलेलं. गल्लीतल्या एका लंगड्या कुत्र्यावर सगळ्यांनी पाणी सोडलं होतं, तेव्हा हिने अख्खा हिवाळा त्याला पावाच्या गोळीतून औषध चारलं. कुत्रं उठलं, चाललं, धावलं आणि धावत जाऊन पहिलं पोस्टमनला चावलं. कडी आनंदाने रडली. पोस्टमनही रडला, पण ते वेगळं.

जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात जायचं तर एकच दार होतं, प्रवेश परीक्षेचं. देशभरातली मुलं एकाच सकाळी एकच पेपर लिहिणार. प्रश्न इतके, की एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर. चारातला एक गोल काळा करायचा, आणि चुकला तर मिळालेले मार्कही कापून घेणार. कडीचा अभ्यास चोख होता. पण सराव परीक्षेत एखादा प्रश्न अडला की ती त्याच्याशी कुस्ती धरायची. या बाजूने, त्या बाजूने, घाम पुसून पुन्हा. शेवटी तो सुटायचाच, हो! पण तोवर घंटा व्हायची, आणि पुढचे कितीतरी सोपे सोपे प्रश्न, बिचारे, तिची वाट पाहत कोरेच राहायचे.

क्लासचे सर डोक्याला हात लावायचे. "अगं बाळा, तुला सगळं येतं. फक्त उठता येत नाही. अडलं की खूण कर, पुढे हो, वेळ उरला की परत ये. हे जमलं नाही तर यंदा कॉलेज विसर."

हे तिने घरी सांगितलं तेव्हा बाबांना फार लागलं.

"अर्धं टाकून पुढे जायचं? पैसे घेऊन हे शिकवतात?"

"बाबा, परीक्षाच तशी आहे."

"मग परीक्षेलाच कळत नाही."

इतक्यात मधल्या भिंतीतल्या खिडकीतून आत्याचं डोकं आत आलं. बाबांच्या दुकानाला लागून आत्याचं पार्लर होतं, आणि मधल्या खिडकीतून कात्री, बातम्या आणि टोमणे यांची सारखी ये-जा असायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, आणि स्वभावाने अगदी उलट टोक. तिच्या घरी एका बाहीचा स्वेटर होता, तीन भिंतींना रंग होता, आणि प्रत्येक खिडकीत अर्धा कप गार चहा होता. घरात तिला सगळे चिडवायचे. पण पार्लरमध्ये तिच्या तीन खुर्च्या कायम भरलेल्या, आणि ताटकळत कुणीच नाही. एका खुर्चीतल्या बाईच्या केसांना रंग फासून ती दुसरीचे केस धुवायची, दुसरीचं डोकं टॉवेलात गुंडाळून तिसरीवर कात्री चालवायची, तोवर पहिलीचा रंग चढलेला. हात फिरते, तोंड फिरतं, आणि ओठांवर काहीतरी जुळवलेलं गाणं:

एकीच्या गं केसा रंग, दुजीच्या गं केसा पाणी
तिजीपाशी कात्री माझी, ताटकळे ना गं कोणी

"दादा," आत्या म्हणाली, "पोरीला माझ्याकडे पाठव. तुझ्याजवळ बसली तर एकाच प्रश्नाशी लग्न लावून मोकळी होईल."

"तुझ्याकडे पाठवू म्हणजे काय शिकेल? चहा गार करायला?"

"उठायला शिकेल," आत्या म्हणाली आणि खिडकीतून नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कडी पार्लरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. मांडीवर प्रश्नांचं पुस्तक. आत्याने नियम सांगितला: "मी खुर्ची बदलली की तू प्रश्न बदलायचास. सुटला का, कुठवर आला, मी विचारणार नाही. तूही सांगायचं नाहीस."

पहिले काही दिवस म्हणजे नुसते हाल. आत्या हलायची, कडीचा अंगठा पान उलटायचा, पण मन मागच्या प्रश्नाच्या उंबऱ्यावर बसकण मारून. गिऱ्हाइकांना मात्र आयता खेळ सापडला. पोस्टातल्या बाई दर महिन्याला केस रंगवायला यायच्या. डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून त्या आरशातून कडीवर पहारा ठेवायच्या.

"अगं ए, आत्या हलली! तूही हल!"

"हलले की, मावशी."

"डोळे हलले. कपाळावरची आठी कुठे हललीय? ती मागच्याच पानावर आहे."

सगळं पार्लर खदखदलं. कडीचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा आत्याने कंगवा खिशात खोचला आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मी रंग लावून उठते तेव्हा बाईला काय म्हणते?"

"बसा हं, आले."

"का म्हणते? न सांगता उठले तर बाई मान वळवून वळवून बघते, रंग कानावर येतो. आणि माझाही जीव इकडे अडकून राहतो. सांगून उठलं की तीही निवांत, मीही निवांत. तू त्या प्रश्नाला न सांगता सोडतेस, म्हणून तो तुझा पदर ओढतो."

आणि कात्री उचलता उचलता पुढची ओळही जुळली:

उठताना सांग बाई, बस, आले, गोड बोल
मन राहे मागे तर पुढचाही जाई तोल

प्रश्नाशी बोलायचं! कडीला हसू आलं. पण अडलेल्या प्रश्नावर तिने पेन्सिलीने बारीकशी खूण केली आणि पुटपुटली, "बस हं, आले." काय जादू झाली कोण जाणे, प्रश्न खरंच गप्प बसला. पुढच्या पानावर ती एकटीच गेली. मागे कुणी आलं नाही.

मग काय विचारता! पोरीला उठायची चटकच लागली. बस हं, आले. बस हं, आले. पुढच्या सराव परीक्षेत ती फुलपाखरासारखी बागडली. पेपर वेळेआधी संपवला, मागे ठेवलेल्यांपैकी निम्म्यांकडे परत जायचंही विसरली, आणि नाचत बाहेर आली.

मार्क पडले ते आजवरचे सगळ्यांत कमी.

कडी थेट पार्लरमध्ये शिरली आणि आत्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. आत्याने तिला पाणी पाजलं, डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवला, तिच्यासोबत स्वतःही थोडं रडून घेतलं. या सगळ्यात पोस्टातल्या बाई टोपीखाली तशाच राहिल्या. टोपी निघाली तेव्हा केस पार जांभळे.

पोस्टातल्या बाईंनी आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं.

"रिटायर व्हायचंच आहे आता," त्या शेवटी म्हणाल्या. "लोकांना आठवण तरी राहील. पण तू गं पोरी, रडतेस कशाला? बघू तो कागद."

कागद खिडकीतून बाबांकडे गेला, कारण पार्लरमधल्या सगळ्यांचे हात ओले होते. बाबांच्या हातात तेव्हा एक कुलूप होतं. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. डाव्या हातात कुलूप धरूनच उजव्याने कागद उजेडात धरला. एका बाजूला कडीने भरलेले काळे गोल, दुसऱ्या बाजूला बरोबर उत्तरांचे.

"कडे, इकडे ये. ही किल्ली बरोबर आहे."

"बाबा, किल्ली नाही ती."

"किल्लीच आहे. दात बघ सगळे. बरोबर कापलेत, फक्त एक घर वर सरकलेत. तू मधला प्रश्न सोडलास, पण इथली ओळ सोडली नाहीस. पुढच्याचं उत्तर त्याच्या जागी जाऊन बसलं, मग त्याच्या पुढच्याचं, मग सगळी वरातच एकेक पाऊल चुकली."

कडी बघतच राहिली. खरंच की. सगळी उत्तरं येत होती. सगळी शेजारच्या घरात राहत होती.

"किल्ली कापताना मी काय करतो?" बाबांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख दाखवलं, झिजलेलं, काळं. "हे खाचेवर रोवून ठेवतो. कानस कुठेही फिरो, नख हलत नाही. तूही ओळीवर बोट ठेव. प्रश्न सोड हवं तर." हे शेवटचं त्यांना जड गेलं, त्यांनी खिडकीकडे एक नजर टाकली. "पण बोट सोडू नकोस."

"ऐकलं हं, दादा!" पलीकडून आवाज आला.

"तुला नाही सांगत. तू बाईंच्या केसांचं बघ."

मग राहिलेले दिवस असे गेले: उजवीकडे आत्या, डावीकडे बाबा. एका हाताने पुढे जायचं, एका हाताने जागा धरायची. जमता जमता जमलं. पूर्ण नाही, पण बरंचसं.

परीक्षेच्या सकाळी बाबा केंद्रापर्यंत सोडायला आले. फाटकाशी त्यांनी पुष्कळ काही सांगायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात "पेन्सिलीला टोक आहे ना?" एवढंच निघालं.

हॉल उंच छताचा, पंखे सावकाश. कडी सरसर निघाली. मध्येच एक असा प्रश्न आला की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. एक वजन, एक दोरी, एक स्प्रिंग, आणि विचारलं होतं काहीतरी भलतंच. बाबांचं रक्त अंगात उसळ्या मारायला लागलं. एक मिनिट गेलं. दुसरं निम्मं गेलं. कडीने डोळे मिटले, खूण केली.

"बस हं, आले."

"काय म्हणालीस?" पर्यवेक्षक बाई वळल्या.

"तुम्हाला नाही, मॅडम."

शेवटच्या पानापर्यंत जाऊन ती मागे फिरली. ओळीवर बोट रोवलेलं. एकेकाचं दार ठोठावत गेली. कुणी चटकन उघडलं, कुणी आढेवेढे घेतले. उरला तो स्प्रिंगवाला एकटा. घड्याळात फार थोडा वेळ होता. अंदाजाने गोल काळा करावा? चुकला तर मार्क जाणार. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन्सिल खाली ठेवली, हात मांडीवर घेतले, आणि घंटा झाली तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडावरचा पक्षी बघत होती.

बाबा फाटकाशीच होते. सकाळपासून तिथून हललेच नव्हते की काय, देव जाणे.

"कसा गेला?"

"चांगला गेला. एक राहिला."

"राहिला? कोणता? सांग, घरी जाऊन बसू आपण."

कडी बोलायला गेली आणि थांबली. आठवून पाहिलं. कपाळाला आठी घालून पाहिलं.

"बाबा, आठवत नाहीये."

"आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे गेला. दोरी होती काहीतरी. चला ना, फार भूक लागलीय."

बाबा तिच्यामागून चालू लागले, पण वाटभर त्यांच्या मनातून ती दोरी जाईना. पुढचे कित्येक दिवस जेवताना मध्येच विचारायचे, "कप्पी होती का गं त्याला?"

निकाल दुपारी लागला. पार्लरमध्ये आत्याच्या फोनवर चार डोकी एकावर एक. पान उघडेना, उघडेना, आणि उघडलं. कडीला जागा मिळाली होती. आत्या किंचाळली, आईने पिठाच्या हातांनीच लेकीचा चेहरा धरला, एका खुर्चीतली बाई अर्ध्या कापलेल्या केसांनिशी उठून टाळ्या पिटू लागली. बाबा खिडकीतून न येता रीतसर रस्त्याने फिरून आले. भिंग लावून त्यांनी फोनवरची अक्षरं स्वतः वाचली.

"हे गाव कुठे आलं?"

"लांब आहे, बाबा. एक अख्खा दिवस लागतो जायला."

"अख्खा दिवस." बाबांनी मान हलवली. "बरं. म्हणजे चांगलंच असणार कॉलेज. जवळ काही नव्हतं का पण? नाही, आपलं विचारतो. गोठे काय, सगळीकडेच असतात."

"अहो," आई हळूच म्हणाली, "जाऊ द्या आता तिला."

"मी कुठे धरलंय?"

सगळ्यांनी फक्त खाली पाहिलं. कडीचं मनगट बाबांच्या मुठीत होतं, आणि किती वेळ होतं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. बाबांनीही पाहिलं. मग त्यांनी एकेक बोट सैल केलं, करंगळीपासून, सावकाश, नाजूक काम असावं तसं. आणि शेवटचा अंगठा तेवढा जरा रेंगाळला, तो कडीनेच हसत उचलून बाजूला ठेवला.