रागाचा टप्पा

“आता तुम्ही इथे आहात,” मादाम इन्साफ म्हणाली आणि फळ्यावरची वाकडी रेघ जिथे खड्ड्यासारखी खाली उतरत होती, तिथे तिने लाल ठिपका काढला. “बदल आला की माणूस आधी तो नाकारतो. मग रागावतो. मग हळूहळू स्वीकारतो. लल्ला नझीहा, तुम्ही सध्या रागाच्या टप्प्यावर आहात. घाबरू नका, अगदी निरोगी लक्षण आहे हे.”

“मी कुठे घाबरले?” नझीहा म्हणाली. “मी एवढंच विचारलं, की धुलाईघर बंद झाल्यावर आम्ही जायचं कुठे.”

“बघा, प्रश्नातसुद्धा किती राग आहे!”

बायका हसल्या. पुढच्या रांगेत बसलेली मुंजियाही हसली. स्फाक्स शहरातल्या त्या मोठ्या सरकारी इस्पितळात धुलाईघराची मुकादमीण तीच. नव्या व्यवस्थापकाने, म्हणजे सगळे ज्याला अदबीने ‘सी’ लसाद म्हणत त्याने, तिला ‘बदलदूत’ नेमलं होतं आणि तसा पिवळा बिल्लाही दिला होता. बदल काय आहे ते बायकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायचं, हे दूताचं काम. राजधानी ट्युनिसहून आलेल्या मादाम इन्साफला बायकांची भाषा येत नव्हती असं नाही. मानाने ‘लल्ला’ म्हणत असली, तरी तिला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

मुंजियाने बिल्ला मुकाट्याने लावला नव्हता, आणि लाचारीनेही नाही. तिला बदल खरोखरच हवा होता. तळघरातलं ते धुलाईघर म्हणजे नरकच होता. गटार तुंबलं की घोट्यापर्यंत पाणी. इस्त्रीच्या रुळांनी भाजलं नाही असा एकीचाही हात नाही. शस्त्रक्रियेच्या चादरींतून कधी कधी सुई निघायची. नव्या यंत्रांसाठी तिने तीन व्यवस्थापकांमागे लकडा लावला होता. चौथा, हा सी लसाद, म्हणाला, यंत्रं नाहीत, पण धुलाईच बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. तेव्हा तिने मनात म्हटलं, असो, ही वाफ तरी सुटेल.

सी लसादने तिला आपल्या खोलीत बसवून कॉफी पाजली होती. “लल्ला मुंजिया, माझ्या आईसारख्या आहात तुम्ही. एकही बाई या आवाराबाहेर जाणार नाही. वॉर्डात घेऊ, स्वयंपाकघरात घेऊ, ज्या तरुण पोरींना हवं असेल त्यांना कंपनी घेईल. माझा शब्द आहे.”

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर नझीहाने तिला जिन्याखाली गाठलं. दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या. नझीहाचा नवरा बंदरावर हमाली करता करता पडला तो अंथरुणालाच खिळला. त्याला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, सगळं तिच्याकडे. कामाच्या मधल्या सुट्टीत ती घरी पळत जाऊन येई.

“ऐक,” नझीहा म्हणाली. “उद्यापासून यंत्राला हात लावायचा नाही. सगळ्या तयार आहेत. दोन दिवस चादरी मिळाल्या नाहीत ना, की सर्जन लोक स्वतःच जाऊन लसादच्या मानगुटीवर बसतील. तो लेखी देईल तेव्हाच कामाला लागायचं.”

“अगं, पण त्याने शब्द दिलाय.”

“त्याच्या शब्दावर मी थुंकते. कंपनीची गाडी एकदा आत आली, की आपल्याला कोण विचारतं? आत्ता त्यांना आपली गरज आहे. फक्त आत्ता.”

“आणि दोन दिवसांत एखादं बाळंतपण अडलं तर? कुणाच्या डोक्यावर येईल ते? आपल्याच. नझीहा, माझं ऐक. मी बोललेय त्याच्याशी.”

नझीहाने विचारलं, “तू शब्द देतेस?”

“देते.”

“ठीक आहे. मग तुझ्या शब्दावर. त्याच्या नव्हे.”

बायकांनी काम थांबवलं नाही. कंपनीची गाडी आली, निळी, चकचकीत. पहिल्या आठवड्यात मळक्या चादरी घेऊन गेली आणि घडी घातलेल्या, प्लास्टिकमध्ये बांधलेल्या घेऊन आली. धुलाईघराच्या दारावर साखळी पडली.

मग हुकूम निघाले. तरुण पोरींना कंपनीने घेतलं. काहींना वॉर्डांच्या फरशा मिळाल्या. त्यांच्यातल्याच दलीलाला दूर, स्खिराच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात टाकलं. नझीहाला केर्केना बेटावर. लूदवर, म्हणजे मोटारी वाहून नेणाऱ्या त्या बोटीवर, जायला तास-सव्वा तास, यायला तेवढाच, आणि वारा सुटला की बोट बंद. मुंजियाला मात्र दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल मिळालं. दारावर पाटी लागली: सेवा समन्वयक.

त्या संध्याकाळी नझीहा तिच्या घरी आली. सून दारात “या, या” म्हणत होती, पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

“टेबल छान आहे म्हणे.”

“नझीहा, अल्लाशपथ, मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं म्हणूनच तर तुला नेमलं! माहीत असतं तर तू इतकं छान खोटं बोलू शकली असतीस का?” तिचा आवाज चढला, शेजारची खिडकी उघडली. “मी बोटीत बसू आणि त्याला घरात ओला पडून राहू देऊ? वाऱ्याच्या दिवशी काय करू, पोहत येऊ? बोल ना, दूत आहेस ना तू? काय निरोप आणलायस?”

नझीहा गेली. सुनेने सूप वाढलं. ते तसंच गार होऊन त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी मुंजिया सी लसादच्या खोलीत शिरली तेव्हा तिने दार वाजवलं नाही.

“तुम्ही म्हणाला होतात, एकही बाई आवाराबाहेर जाणार नाही.”

“लल्ला मुंजिया, बसा ना. कॉफी?”

“कॉफी नको. एकदा प्यायले ती पुरली.”

त्याने चष्मा काढून पुसला. “तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. बेटावर माणूस हवाय, वरून मागणी आली. नियमात बसणारी तीच निघाली.”

“तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय.”

“प्रत्येकाच्या घरी काही ना काही असतंच हो.”

“मग मला पाठवा. माझं घर रिकामं नाही, पण माझ्यावाचून अडतही नाही. तिला इथे फरशीवर ठेवा, मी बेटावर जाते.”

सी लसाद खरंच गोंधळला. “तुम्ही? अहो, तुम्ही आमचं उदाहरण आहात! धुलाईघरातली बाई टेबलावर आली, हे पुढच्या आठवड्यात पाहुण्यांना दाखवायचंय. नाही, नाही. हुकूम निघालेत, आता काही होत नाही.” मग आवाज मऊ करून तो म्हणाला, “राग येणं साहजिक आहे. मादाम इन्साफनी सांगितलंय ना, हा टप्पा असतो. जाईल.”

आजवर मुंजियाला पुष्कळदा राग आला होता. मेलेल्या नवऱ्यावर, गटारावर, इटलीला जाऊन परत न फिरकलेल्या भावावर. पण प्रत्येक वेळी तो तिचा स्वतःचा होता. हा राग या लोकांनी आधीच फळ्यावर काढून ठेवला होता, त्याची जागा ठरवली होती, तो कधी ओसरेल तेही ठरवलं होतं. ओरडलं तर टप्पा, गप्प बसलं तर पुढचा टप्पा. जिन्यावरून उतरताना ती मध्येच पायरीवर बसली.

तिथे तिला शैमा भेटली. कंपनीने घेतलेल्या पोरींपैकी ही एक, चादरींची गाठोडी पोचवायला आली होती.

“लल्ला, बरं नाही का तुम्हाला?”

“बरी आहे. तू कशी आहेस? काम कसं आहे तिकडे?”

शैमाने मान खाली घातली. “खरं सांगू? चांगलं आहे. हवा खेळती आहे. हातमोजे देतात. माझा खोकला गेला.” मग घाईने म्हणाली, “मला आनंद झालाय म्हणजे मी वाईट आहे का हो? दलीला माझ्याशी बोलत नाही.”

“नाही गं बाळ. आनंद झालाच पाहिजे. आम्हा सगळ्यांनाच व्हायला हवा होता.” हे बोलताना तिला इतकं रडू आलं, की तिने शैमाच्या हातातलं एक गाठोडं ओढून घेतलं आणि तिच्यापुढे वॉर्डाकडे चालू लागली.

सोहळा अंगणात झाला. मंत्रालयातून एक जाडसर, दमलेले गृहस्थ आले होते. केक होता, लिंबाचं सरबत होतं, भिंतीवर छोटी चित्रफीत दाखवली: निळी गाडी, हसणारी शैमा, टेबलामागे बसलेली मुंजिया. मग सी लसादने माइक तिच्या हातात दिला. दोन वाक्यं बोलायची होती. मादाम इन्साफने ती पाठ करून घेतली होती.

मुंजिया म्हणाली, “या चित्रात मी आहे. नझीहा नाही. ती आज सकाळच्या लूदने केर्केनाला गेली. तिचा नवरा घरी एकटा पडलाय.”

सी लसाद हसरा चेहरा तसाच ठेवून पुढे आला. ती माइक न सोडता बाजूला सरकली.

“बायका काम बंद ठेवणार होत्या. मी त्यांना थांबवलं. या साहेबांनी मला शब्द दिला, तो मी माझा म्हणून त्यांना दिला. साहेबांनी आपला मोडला. माझा कसा मोडायचा ते मला येत नाही.”

मादाम इन्साफ पाहुण्यांच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “हे अपेक्षित असतं, महोदय. हा रागाचा—”

“बाई!” मुंजियाचा आवाज माइकमधून भिंतीवर आदळला. “रागावलेलं माणूस तुमच्या फळ्यावर कुठे येतं ते दाखवलंत. खोटं बोलणारं माणूस कुठे येतं, ते दाखवायचं राहिलं. तुमचा खडू लाल आहे ना? काढा ना ठिपका! कुणाच्या नावाने काढायचा ते मी सांगते.”

मागून कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि मग ते हसू बायकांमधून पसरत गेलं. मादाम इन्साफ लाल झाली.

“मी काही जगावेगळं मागत नाही,” मुंजिया पाहुण्यांकडे वळली. “तिच्या जागी मला पाठवा. माझं टेबल कुणालाही द्या.”

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे अजून एका इस्पितळात जायचं होतं. “बाई स्वखुशीने जातेय ना?” ते सी लसादला म्हणाले. “मग अडचण काय आहे?”

“काहीच नाही, महोदय,” सी लसाद म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि अडचण नाही एवढंच नव्हे, तर त्याला सुटल्यासारखं वाटतंय हे तिला दिसलं.

दलीलाचं कुणी काही विचारलं नाही. मुंजियाने विचारेपर्यंत माइक बंद झाला होता.

संध्याकाळी नझीहा बेटावरून परतल्यावर बातमी सांगायला ती तिच्या घरी गेली. नझीहा नवऱ्याची कूस बदलत होती. मुंजियाने दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघींनी मिळून त्याला भिंतीकडे वळवलं, पाठीला पावडर लावली. मग नझीहाने सगळं ऐकून घेतलं.

“मला विचारलंस?” ती म्हणाली.

“काय विचारायचं त्यात? तुला इथे राहायचंय ना?”

“राहायचंय. पण तेव्हाही माझ्या वतीने तूच ठरवलंस, आताही तूच. तुला बरं वाटावं म्हणून.” ती हात धुवायला वळली. “मी फरशी पुसीन. तुझे आभार मानणार नाही. आणि दलीलाला कोण आणणार परत?”

मुंजिया उठली. दारापर्यंत ती एकटीच गेली.

बेटावरच्या दवाखान्यात खाटा थोड्या. मागच्या अंगणात एक घरगुती यंत्र आणि खजुराच्या दोन झाडांना बांधलेली दोरी. तिथली परिचारिका फौझिया, बेटावरचीच, मोठ्याने बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्हाला कशाची शिक्षा झाली हो?”

“शिक्षा?”

“इकडे शिक्षा झालेलीच माणसं येतात. आमचे डॉक्टरसुद्धा.”

“मी मागून घेतली.”

फौझियाला तो विनोद वाटला. ती खूप हसली आणि मग तिने स्वतःच्या डब्यातली खारवलेली मासळी तिच्या पावावर ठेवली.

हिवाळ्यात एका दुपारी वारा सुटला. मुंजिया धक्क्यावर गेली तेव्हा तिकीटखिडकी बंद होती. गाड्यांची रांग वळून परत निघाली होती. एक म्हातारा खिडकीवर मुठी आपटत आत कुणी नाही हे माहीत असूनही शिव्या देत होता. पलीकडे स्फाक्स दिसत नव्हतं, नुसतं करडं पाणी. तिने सुनेला फोन करून सांगितलं की रात्री फौझियाकडे राहीन, आणि ती दवाखान्यात परतली.

अंगणात दोरीवरच्या चादरी वाऱ्याने पिळवटून एकमेकींत अडकल्या होत्या. तिने त्या एकेक सोडवून काढल्या. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालायची असते. एकीने दोन टोकं धरायची, समोरचीने दोन. एकदम ताणायचं, झटका द्यायचा आणि पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. धुलाईघरात समोर नझीहा असायची. इतकी वर्षं दोघींना एकमेकींकडे बघावंही लागलं नव्हतं.

फौझिया आत रुग्णाजवळ होती. मुंजियाने चादरीची दोन टोकं खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधली, दुसरी दोन मुठीत घेतली आणि मागे सरकत गेली, कापड सरळ होईपर्यंत. मग तिने झटका दिला. गज खणखणला. वारा चादरीच्या पोटात शिरून तिला ओढू लागला, आणि ती टाचा रोवून, दात आवळून तशीच ताणून उभी राहिली.